पाठवा, पण आधी प्लांट रूम बघून यायला सांगा

प्रश्न : मुलगा रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) आणि स्विमिंग पूल सांभाळायला कंत्राटदाराने ऑपरेटर म्हणून बोलावलंय. क्लोरिन-अ‍ॅसिडच्या कामाला पाठवू का? – एक आई, कुर्ला

ताई, पाठवा. मात्र भीती नेमकी कशाची बाळगायची, ते त्याला आधी कळू द्या.

जंतू मारणारं हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि पाण्यातला गाळ खाली बसवणारं पीएसी (पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड) दोन्ही पिवळसर, बरेचदा एकसारख्याच कॅनमधून येतात. घाईत एकाच्या टाकीत दुसरं ओतलं जातं, आणि घात होतो तो तिथेच. हायपोमध्ये आम्लधर्मी काहीही पडलं, मग ते पीएसी असो, तुरटीचं पाणी असो की पूलचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, क्लोरिन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड, म्हणून खाली साचतो. आणि टॉवरची प्लांट रूम बहुधा तळघरातच! उग्र वास आला की शोधत बसायचं नाही, जिन्याने वर यायचं. प्रत्येक रसायनाचा मग, नरसाळं, ट्रे वेगळा हवा, टाकीवर ठळक नाव हवं. उन्हाळ्यात हायपोचा कॅन फुगतो. झाकण चेहऱ्यापासून लांब धरून हळूहळू सैल करावं.

पूलच्या दोन पांढऱ्या क्लोरिन पावडरी, कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड), एकाच डावाने कधीही काढू नयेत. मिसळल्या तर पेट घेतात, स्फोटही होतो. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. हे तो शिकलाच असेल. डोळ्यात थेंब उडाला तर तिथल्या तिथे 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरायचा, डॉक्टर त्यानंतर.

खरी जीवघेणी जागा मात्र एसटीपीची टाकी. कार्ट्रिजचा (वायू गाळणाऱ्या डबीचा) मास्क क्लोरिन अडवतो, पण प्राणवायू पुरवत नाही. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. त्याचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होऊन वासही येईनासा होतो. वायू मोजणारं यंत्र, हवेचा पंखा, हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) आणि वर उभा माणूस नसेल तर ‘जरा उतरून बघ’ला सरळ नाही म्हणायचं, नोकरी गेली तरी.

दोन-तीन वर्षांनी सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेतल्या औद्योगिक सुरक्षा पदविकेची पात्रता विचारून ठेवा. सेफ्टी ऑफिसरची वाट तिकडून जाते.

रुजू होण्याआधी त्याने सुपरवायझरला तीनच गोष्टी विचाराव्यात : रसायनांची माहितीपत्रकं कुठे लावलीत, आयवॉश (डोळे धुवायची सोय) कुठे आहे, मास्कचं कार्ट्रिज शेवटचं कधी बदललं? ‘रुमाल बांधला की भागतं’ असं उत्तर आलं, तर तिथे पाठवू नका.