'संशोधनाला कायदा लागू नाही' हे अर्धंच खरं

ताई, तुमचं म्हणणं असं की बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनवर पीएचडी चालू आहे, मुलाखती गूगल शीटमध्ये आहेत आणि गाइड सांगतात, नव्या डेटा कायद्यात संशोधनाला सूट आहे, संमतीपत्रं कशाला?

सूट आहे. डीपीडीपी, म्हणजे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३, कलम १७(२)(ब). पण ती सशर्त आहे. त्या माहितीवरून त्या बाईबद्दल कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, आणि नोव्हेंबर २०२५ च्या नियमांतली मानकं पाळायची: लागेल तेवढीच माहिती, लागेल तेवढाच काळ, नीट जपून. बहुतेक तरतुदी नियम आल्यावर १८ महिन्यांनी लागू होणार, म्हणून सध्या सगळे निवांत आहेत, ते सोडा.

गाइडची खरी गफलत वेगळीच आहे. तुमच्या अभ्यासाला संमती लागते ती मुळात या कायद्यामुळे नाहीच. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आधीपासून आहेत, आणि संशोधनाचे प्रस्ताव तपासणारी एथिक्स कमिटी बघते ती तीच. लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर अंगठा घ्यायचा. मी कमिटीवर असताना एका प्रस्तावात साक्षीदार म्हणून चक्क मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार होता! ज्याच्याकडून उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे घेतले, त्याच्यासमोर बाई नाही कशी म्हणेल?

'नावं काढून टाकलीत' यावरही विसंबू नका. गाव, वय, जात, मुलं किती, ऑपरेशनचं वर्ष एवढे रकाने शेजारी-शेजारी असले की वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते. गावाऐवजी तालुका आणि वयाऐवजी गट ठेवा. नाव आणि कोड यांची जोडयादी वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये. ही शीट मुकादमाच्या हाती लागली आणि 'हिची कंबर धरते' म्हणून पुढच्या हंगामात त्या कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची उचल कापली गेली, तर तुमच्या प्रबंधाची किंमत त्या जोडप्याने मोजलेली असेल.

चांगल्या हेतूनेही पाय घसरतो. रक्त कमी असलेल्या बायकांची यादी आरोग्य केंद्राला द्यावी असं तुम्हाला वाटेल, आणि वाटावंच. पण तो व्यक्तीविषयीचा निर्णय झाला, तिथे सूट संपली. त्यासाठी मुलाखतीच्या वेळीच वेगळं विचारा: 'तुमचं नाव दवाखान्यात कळवू का?' बहुतेक जणी हो म्हणतील, पण नको म्हणणारीला तिची कारणं असतात.

आणि शीट लिंक असलेल्या कुणालाही उघडत असेल, तर ती आज रात्रीच बंद करा.