वाचक विचारतात : गाडी घरीच धुवायची, पण चरे न पाडता

प्रश्न : माझी काळी सेडान आहे, तीन वर्षं झाली. सोसायटीत महिन्याला 500 रुपये देऊन रोज सकाळी पुसून घेतो, तरी उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतात. पॉलिश आणि कोटिंगचे 12 हजार सांगितलेत. घरी काही करता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : 'तरी' नाही हो, रोज पुसून घेता म्हणूनच दिसतायत. रात्रभर धूळ बसते, पुण्यात शेजारी कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं, म्हणजे त्या धुळीत बारीक वाळू आलीच, आणि तीच बादली तेच फडकं घेऊन दहा गाड्या पुसल्या की पहिल्या गाडीची वाळू दहाव्या गाडीवर घासली जाते. रंगावरचा तो चकचकीत थर, क्लिअर कोट म्हणतात त्याला, साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसाहून पातळच. पॉलिश म्हणजे तोच थर अजून थोडा घासून काढायचा, त्यामुळे आधी सवय मोडा, पैसे नंतर खर्च करा.

पुसणाऱ्या दादांचं काम काढून घेऊ नका, पैसे तेवढेच द्या आणि सांगा की रोज कोरडं पुसायचं नाही, आठवड्यातून दोनदा पाणी मारून धुवायची, फडकी मी देतो.

घरी धुणार असाल तर दोन बादल्या घ्या, एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. गाडी सावलीत आणि बोनेट गार झालेलं हवं. आधी मगाने सगळीकडे पाणी ओतून धूळ भिजवायची, हात लावायचा नाही, पाच मिनिटं थांबायचं, परत पाणी. मग मायक्रोफायबरचं मऊ फडकं शाम्पूत बुडवून टपापासून खाली यायचं आणि प्रत्येक पॅनल झालं की फडकं साध्या पाण्यात खळबळून घ्यायचं. बादलीच्या तळाशी जी वाळू दिसेल ना, ती एरवी रंगावर फिरते! चाकांचं फडकं वेगळं, आणि फडकं जमिनीवर पडलं की त्या दिवसापुरतं बाद. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नका, रंगावर वॅक्सचा थर असेल तर तोही धुऊन जातो. चार फडकी आणि शाम्पूची बाटली मिळून 600-700 रुपयांत भागतं, पाणीही तीनेक बादल्या पुरतं.

आहेत ते चरे नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर हाताने लावायच्या साध्या पॉलिशने बरेच फिके होतात, आधी कोपऱ्यात हातभर जागेवर करून बघा. नख अडकलं तर ते पॉलिशने जाणार नाहीत, उगाच घासत बसू नका.

प्रश्न : घर समुद्राजवळ, पाणी बोअरचं. धुतल्यावर पांढरे ठिपके राहतात आणि दाराच्या खालच्या कडेला गंज दिसायला लागलाय. (एक वाचक, मालवण)

उत्तर : ठिपके म्हणजे पाण्यातले क्षार. पाणी गाडीवर सुकू द्यायचंच नाही, संध्याकाळी धुवा आणि एकेक बाजू झाली की लगेच टिपून घ्या. जुन्या ठिपक्यांवर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून फडक्याने मिनिटभर ठेवा, मग धुऊन टाका, काचेवरही चालतं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरता येत असेल तर शेवटचं धुणं त्यानेच करा, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

गंजाचं मात्र आज बघा, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. दाराच्या तळाला पाणी निघून जायला छोटी भोकं असतात, ती तांबड्या मातीने बुजतात, पाणी आतच साठतं आणि दार आतून खायला लागतं. खराट्याचा हीर घालून ती मोकळी करा. चाकांवरच्या कमानीत थापलेली मातीही हात घालून काढा, कारण ओली माती आणि खारी हवा एकत्र म्हणजे गंजाला आमंत्रणच. वाळूत गाडी घातली असेल तर त्याच दिवशी खालून गोडं पाणी मारायचं. दिसतोय तेवढा गंज पॉलिशपेपरने घासून प्रायमर आणि टचअप लावलंत तर पुढचं पत्र्याचं काम वाचेल.

प्रश्न : दसऱ्याला पांढऱ्या स्कूटरवर काढलेलं हळदीकुंकवाचं स्वस्तिक निघतच नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घासू नका. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून वरचं कुंकू उचला, मग शाम्पूने धुवा. हळदीचा पिवळेपणा उन्हाने जातो, दोनचार दिवस उन्हात लावा. पुढच्या वर्षी आदल्या दिवशी वॅक्स लावा आणि झेंडूचे हार संध्याकाळीच काढा, ओल्या पाकळ्यांचेही डाग बसतात.

प्रश्न : बाईकची चेन पेट्रोलने धुतली तर चालेल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : नको. चेनमध्ये रबरी रिंगा असतील तर त्या खराब होतात, आणि आगीची भीती वेगळीच. थोडं रॉकेल किंवा डिझेल आणि जुना टूथब्रश पुरे. मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद, चाक हातानेच फिरवायचं, चालू इंजिनवर चेनला फडकं लावून बोटं गेलेली आहेत लोकांची. कोरडी पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल पातळ लावा, रात्रभर ठेवा आणि सकाळी जास्तीचं टिपून घ्या, नाहीतर त्यावर परत धूळ चिकटेल.