ऑर्निथीन वाढलंय, पण कॉलम बदलू नका

तुमचा प्रश्न असा: दहा दिवसांच्या बाळाच्या प्लाझ्मातली (पेशी काढल्यावर उरणारा रक्तातला द्रव) अमिनो आम्लं मोजली, त्यात ग्लुटामेट, ऑर्निथीन आणि टॉरिन वाढलेत, ग्लुटामाइन आणि आर्जिनीन उतरलेत; यंत्रातला कॉलम (अमिनो आम्लं वेगळी करणारी, रेझिनने भरलेली नलिका) बदलावा, की रिपोर्टमध्ये आजाराकडे बोट दाखवावं? इतक्यात दोन्ही करू नका. आधी ती रक्ताची नळी काढा आणि प्लाझ्माचा रंग बघा.

कॉलमवरचा संशय मला पटत नाही. लिथियम सायट्रेट बफरवर (कॉलममधून वाहणारा द्राव) आम्लधर्मी अमिनो आम्लं आधी सुटतात, लायसिन, आर्जिनीन शेवटी. रेझिन थकलं की ग्राफवरचे शेजारचे पीक (उंचवटे) एकमेकांत मिसळतात, वेळा सरकतात. तुमच्याकडे तसं काहीच नाही. बिघडलेली नावं ग्राफच्या दोन टोकांना आहेत, आणि त्यांच्यातलं नातं रसायनाचं आहे: ग्लुटामाइन फुटलं की ग्लुटामेट आणि अमोनिया, आर्जिनीन फुटलं की ऑर्निथीन. हे दुसरं काम तांबड्या पेशींतलं आर्जिनेज करतं. टॉरिनही पेशींमधूनच बाहेर येतं. म्हणजे रक्त बराच वेळ तसंच पडून होतं, बहुधा हिमोलायसिसही (तांबड्या पेशी फुटून प्लाझ्मा लालसर होणं) झालं. अमोनियाचा पीकही मोठा दिसतोय का, ते पाहा.

नॉरल्युसिन (मोजणी तपासायला आपणच ठरावीक प्रमाणात घालतो ते अमिनो आम्ल) बरोबर आलंय म्हणून नमुना चांगला, हा तुमचा तर्क मात्र चुकतो, आणि ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. नॉरल्युसिन आपण प्रथिनं काढताना, सल्फोसॅलिसिलिक आम्लाबरोबर घालतो. त्यानंतर काही सांडलं, इंजेक्शन कमी पडलं, तर ते सांगेल. त्याआधी नळी चार तास वॉर्डात राहिली असेल तर त्याला कसं कळणार? स्टँडर्डमधलं (तुलनेसाठीचं माहीत प्रमाणाचं मिश्रण) ग्लुटामाइन जुनं झालं असेल असंही तुम्ही लिहिलंय. तसं असतं तर नमुन्यातलं ग्लुटामाइन खोटं जास्त दिसलं असतं, कमी नाही.

मूर आणि स्टाइन यांनी स्पॅकमनबरोबर 1958 मध्ये हे अमिनो आम्लं मोजणारं यंत्र स्वयंचलित केलं. निनहायड्रिन या रसायनामुळे अमिनो आम्लांना येणारा जांभळा रंग 570 नॅनोमीटरला मोजायचा, प्रोलिनचा पिवळा 440 ला, ही रीत आजही तीच आहे. मोजणी भक्कम आहे; पण यंत्र नळीत जे आहे तेच मोजतं.

बाळ आजारी असेल तर थांबू नका. आजच डॉक्टरांना फोन करा, नमुना पुन्हा मागवा: हेपरिनची नळी, बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज, पेशींच्या थराला धक्का न लावता वरचा प्लाझ्मा, आणि त्यातली प्रथिनं त्याच वेळी काढायची. उशीर केला तर सिस्टिनही प्रथिनांना चिकटून कमी होतं. अमोनियाचा वेगळा नमुना हवाच. माझी खरी काळजी इथे आहे: युरिया चक्राच्या (शरीर अमोनियाचा युरिया करतं ती क्रिया) दोषात ग्लुटामाइन वाढतं, आणि पडून राहिलेल्या नळीत नेमकं तेच घटतं. म्हणून या रनवर ‘युरिया चक्र ठीक’ असं लिहू नका. ल्युसिन आणि अ‍ॅलोआयसोल्युसिनचे आकडे (ते वाढणं ही मेपल सिरप युरिन डिसीज या जन्मजात आजाराची खूण) मात्र आत्ताच नीट पाहून घ्या; अ‍ॅलोआयसोल्युसिनचा स्पष्ट वाढलेला पीक नळी पडून राहिल्यामुळे येत नाही.