पीएचडी आणि अंगावरचं लेकरू

अगं, नोंदणी झाली म्हणतेस आणि धाकटी अजून अंगावर पिते. घाबरू नको, पण आधी नियम वाच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमावलीत पीएचडीला जास्तीत जास्त 6 वर्षं आहेत, पुनर्नोंदणीनं आणखी 2 आणि बाईमाणसाला त्यावर अजून 2. शिवाय बाळंतपण-संगोपनासाठी सगळी मिळून 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. माझ्या थोरल्याच्या वेळी मी रजा मागितलीच नाही, रडत रडत कोर्सवर्क केलं. तू लेखी अर्ज दे आणि पोच घे.

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी डोकं चालत नाही, लेकरंही किरकिरतात. मी पहाटे 4 ते 6 लिहायचे. लेकरू उठलंच तर त्या दिवशीचं लिखाण सोडून द्यायचे; चिडून थोपटलं की ते झोपतही नाही. वही मिटताना पुढचं वाक्य अर्धवट ठेव, दुसऱ्या दिवशी तिथूनच हात चालतो. हे मला फार उपयोगी पडलं.

शहाद्याहून जळगावला विद्यापीठात जायचं म्हणजे अख्खा दिवस. गाईड, ग्रंथालय, कार्यालय सगळं त्या एका दिवसात बसव. सासूबाईंना ‘लेकरांकडे बघा’ असं मोघम सांगू नको. मंगळवार, सकाळी 7 ते रात्री 8, असं ठरव. रात्रीचं जेवण त्या दिवशी नवऱ्यानं करायचं, हेही आत्ताच बोलून घे. थोरली 3 वर्षांची झाली ना? मग अंगणवाडीत घाल. आणि गाईडना लेकरांचं सांगून टाक, पुढच्या सादरीकरणाची तारीख ठरायच्या आत.