येऊरची चढण आणि लेहची हवा

प्रश्न : मी ५८ वर्षांचा असून रोज सकाळी येऊरची चढण चालतो, दम फारसा लागत नाही. जूनमध्ये आम्ही विमानाने लेहला जाणार आहोत. या सवयीचा तिथे उपयोग होईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली सवय उत्तम आहे, पण तिच्यावर लेहमध्ये विसंबू नये. येऊर चढताना श्वास वाढतो तो स्नायूंची गरज वाढल्यामुळे; निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायू तेव्हाही जवळजवळ तेवढाच राहतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथेही हवेत प्राणवायू २१ टक्केच असतो, मात्र हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने तो रक्तात कमी उतरतो. मानेतील धमन्यांपाशी असलेल्या संवेदक पेशी ही उणीव ओळखून श्वास वाढवतात. परंतु त्यामुळे कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते आणि वाढलेल्या श्वसनाला लगाम बसतो. मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा रक्तातील अल्कधर्मी घटक बाहेर टाकून हा लगाम सैल करतात, आणि त्याला काही दिवस लागतात. धडधाकट माणसालाही ही प्रक्रिया घाईने उरकता येत नाही. उलट दम टिकतो म्हणून पहिल्याच दिवशी भटकणारे अधिक आजारी पडतात, हे मी आवर्जून सांगतो.

म्हणून पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. दमा किंवा हृदयविकार असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला किंवा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता प्राणवायू आणि उपचार मिळवावेत व शक्य तितक्या लवकर खाली उतरावे.