नारळ किंवा काडी धरून जमिनीतलं पाणी सापडतं, यामागं शास्त्रीय कारण काय?

पाणी असेल तिथं तळहातावरचा आडवा नारळ उभा राहतो म्हणतात. तो पाण्यामुळं उभा राहत नाही, हातामुळं राहतो. वाहत्या पाण्याचं चुंबकत्व तांब्याच्या सळया ओढतं का, असंही काहीजण विचारतात. नाही ओढत. तांब्याला चुंबक चिकटत नाही, कडुलिंबाच्या काडीला आणि नारळाला तर नाहीच नाही. या तिन्ही वस्तूंत समान गोष्ट एकच, धरणारा हात.

प्रत्येक वस्तू अशा रीतीनं धरली जाते की ती पडायच्या बेतातच असते. बेचक्याच्या काडीची दोन टोकं तळहात वर करून मुठीत धरतात आणि बाहेर ताणतात. काडीत ताण साठतो, मनगट जरा वळलं की ती झटक्यानं खाली जाते. घट्ट धरली तर साल मुठीतच सोलून निघते, म्हणून धरणाऱ्याला वाटतं की कुणीतरी ओढतंय. एल आकाराच्या सळया टोकं किंचित खाली असेपर्यंत सरळ राहतात, समपातळीत आल्या की फिरून एकमेकींवर येतात. नारळ तळहातावर आडवा असतो, तळव्याचा खळगा बदलला की तो उठतो. ही हालचाल करणाऱ्यालाही कळत नाही. फ्रान्सचा रसायनशास्त्रज्ञ शेवरल यानं १८३३ मध्ये लोलकावर हेच दाखवलं, डोळे बांधले की लोलकाचा चमत्कार थांबायचा. १८५२ मध्ये इंग्लंडच्या कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञानं अशा नकळत होणाऱ्या हालचालीला आयडिओमोटर असं नाव दिलं.

आता ज्या वाक्यावर माझं आमच्या भावकीत कायम वाजतं ते घ्या. 'पाणाड्यानं (म्हणजे पाण्याची जागा दाखवणाऱ्यानं) दहा बोअर दाखवले, आठ लागले.' बरं. पण नारळ जिथं आडवाच राहिला तिथं किती बोअर पाडले? एकही नाही. मग दाखवलेली जागा न दाखवलेल्या जागेपेक्षा चांगली होती, हे ठरवलं कशावरून? कोरडा गेला तर उत्तर तयार असतं: बोअर वाकडा गेला, झरा हातभर सरकला, गाडीवाल्यानं घाई केली.

मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी खाली बेसाल्ट आहे, लाव्ह्याचे थर एकावर एक. नळासारखा झरा त्यात नसतो. वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणजे बारीक छिद्रांच्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत पाणी पसरून असतं. मधला काळा पाषाण घट्ट, त्यात भेग नसेल तर फुफाटाच उडतो. म्हणजे ओढ्याकाठी, सखल रानात, पावसाळ्यानंतर थोडंफार पाणी कुठंही लागतं, आणि पाणाडी नेमका तिथंच फिरतो. ओलीच्या जागी वाढणारे उंबर, शिंदी, शेजाऱ्याचा चालू बोअर हे सगळं त्याला दिसतंच. देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट आहे, तिथं सगळी मदार भेगांवर.

जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये सुमारे ५०० पाणाड्यांतून ४३ निवडून एका कोठारात चाचण्या झाल्या. खाली सरकता पाण्याचा पाइप, वरच्या मजल्यावर पाणाडी. प्रयोग करणाऱ्यांनी काहीजण खरे निपुण ठरवले. एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९९९ मध्ये तेच आकडे तपासले, तर एका चाचणीत चमकलेला माणूस पुढच्या चाचणीत तसाच चमकत नव्हता.

तुमच्या रानातही हे करून बघता येतं. दोन फूट खोल पीव्हीसी पाइप पुरा आणि वर दोन वॉल्व्ह लावा. एकानं पाणी पाइपात जाईल, दुसऱ्यानं परत विहिरीत. मोटर दोन्ही वेळी चालूच हवी, नाहीतर आवाजावरूनच कळतं. पाणी पडायचं तोंड लांब ठेवा, कुठला जोड पाझरत नाही ना ते बघून घ्या, ओल दिसली की चाचणी वाया. वॉल्व्हवाला नजरेआड बसून प्रत्येक वेळी नाणं उडवेल आणि वहीत लिहील. पाणाड्याजवळ उभ्या माणसालाही वॉल्व्हची स्थिती माहीत नको, चेहऱ्यावरून कळतं. पाणाड्यानं दर वेळी एवढंच सांगायचं, पाइपात पाणी वाहतंय की नाही. अशा २० फेऱ्या. निव्वळ अंदाजानं १० च्या आसपास बरोबर येतील, १५ किंवा जास्त यायची शक्यता शेकडा २. सुरू करण्याआधी पाणाड्याकडून 'ही पद्धत मान्य' असं लिहून घ्या, नंतर 'आज अमावस्या होती' नको.

'मशीननं पाणी बघणाराही फेल जातोच की,' असं कुणी म्हणेल. जातो, पण का गेला ते सांगता येतं. मशीनवाले चार सळ्या ठोकून जमिनीचा विद्युतरोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजतात. पाणी धरलेला झिजलेला खडक कमी रोध दाखवतो, घट्ट पाषाण पुष्कळ जास्त. घोळ असा की चिकणमाती आणि लाल गेरूही कमीच दाखवतात, आणि त्यातून पाणी सुटत नाही. ६० मीटर खोल बघायचं तर तार दोन-तीनशे मीटर लांब पसरावी लागते. चिंचोळ्या वावरात ते जमत नाही, मग काहीजण तीस मीटरचंच बघून दोनशे फुटांचा सल्ला देतात. विजेच्या लाइनीखाली, तारेच्या कुंपणाजवळ आकडे बिघडतात. उन्हाळ्यात सळ्यांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतलं नाही तर वाचन भरवशाचं नाही. म्हणून नुसता 'इथं मारा' नको, आकड्यांचा कागद मागून घ्या.

एक मात्र सांगतो. सगळे पाणाडी लबाड नसतात. बरेचजण मनापासून मानतात, आणि म्हाताऱ्या पाणाड्याला गावची जमीन कोणत्याही नकाशापेक्षा बरी कळते. त्याला नारळ ठेवायला सांगून रानातल्या जुन्या विहिरींबद्दल विचारा: किती परस खोल, पाणी कुठं लागलं, कोणत्या महिन्यात आटतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांच्या नोंदी असतात, त्याही बघा.

आणि बोअर पाडताना गाडीपाशी थांबा, दर दहा फुटांचा चुरा वेगळा ठेवा. काळी बारीक भुकटी म्हणजे पाषाण, लाल म्हणजे गेरू, पांढरे ठिपके असलेला चुरा म्हणजे मांजऱ्या. दोनशे फुटांपर्यंत नुसता पाषाणच असेल आणि ओलसुद्धा नसेल, तर 'अजून शंभर मारू' म्हणणाऱ्या गाडीवाल्याला थांबवा, कारण त्याचे पैसे फुटावर असतात.