मोठ्या कंपनीनं विकत घेतलं की मुक्त सॉफ्टवेअर बंद पडतंय काय?

भावा, लगेच घाबरायचं काम नाही. २०१० ला ओरॅकल या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीनं सन ही कॉम्प्युटर कंपनी घेतली, ओपनऑफिस, मायएसक्यूएल, ओपनसोलारिस ही मुक्त सॉफ्टवेअरं तिच्याकडंच होती, तेव्हा हाच विषय झालेला. टायपिंग-हिशेबाच्या ओपनऑफिसवाल्यांनी थोडी वाट बघितली आणि त्याच सप्टेंबरात त्याचा कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) उचलून लिबरऑफिस काढलं, कोड कुणीबी घ्यावा, बदलावा असं लायसन्सच असल्यावर कोण अडवणार. डेटा साठवायच्या मायएसक्यूएलच्या मूळ लेखकानं तर २००९ लाच त्याच कोडवरनं मारियाडीबी सुरू केलेलं, गडी हुशार! ओपनसोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमचा मात्र नवा कोड देणंच कंपनीनं थांबवलं. राजारामपुरीत आमच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही पीसीवर लिबरऑफिसच हाय, बायोडाटा, भाडेकरार सगळं त्यातच टाईप होतंय. तू आधी बघ, कंपनीबाहेरची किती माणसं कोड लिहितात, आणि आजच बॅकअप काढ की.